आधी जॅकेट, मग दोर, स्की सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: "सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मित्राची 40 अश्वशक्तीच्या इंजिनाची फायबर बोट करमाळ्याकडं उजनीच्या काठावर असते. तिच्यामागं घरच्या चौघांनी वॉटर स्कीइंग शिकायचं ठरवलंय. मी 84 किलो, पत्नी 58, मुलगा 15 वर्षांचा आणि 52 किलोचा, मुलगी 9 वर्षांची आणि 26 किलोची. अनुभव कुणालाच नाही. मुंबईच्या एका दुकानदारानं 66 इंची कार्बनची स्लॅलम स्की, दोन्ही बूट बसवलेली, सुचवली आहे. घ्यावी का? सोबत आणखी काय लागेल? पत्नीला पोहता येत नाही, तरी चालेल ना?"

मालक, ती स्की सध्या घेऊ नका. स्लॅलम म्हणजे दोन्ही पाय एकाच अरुंद स्कीवर ठेवून जायचा प्रकार, तो पुढचा. वस्तू वाईट नाही, पण तुमच्याकडं ती दोन वर्षं भिंतीला टेकून उभी राहील आणि येणारे-जाणारे "हे काय ओ?" म्हणून विचारत राहतील.

मी गेली पंचवीस वर्षं लोकांना बोटीमागं उभं करतोय. पहिली काही वर्षं गोव्याकडं, नंतर इकडं धरणांच्या पाण्यावर. नवख्या माणसाचं अर्ध्या तासाचं सत्र घड्याळ लावून बघितलं तर तो स्कीवर उभा असतो जेमतेम दोन मिनिटं. बाकीचा सगळा वेळ तो पाण्यात असतो. बोट वळून येईपर्यंत तरंगायचं, पायातून निसटलेली स्की पकडून परत घालायची, दोर हाताशी यायची वाट बघायची आणि पुन्हा पडायचं. म्हणून मी खरेदीचा क्रम उलटा लावतो. आधी त्या अठ्ठावीस मिनिटांची सोय करायची, दोन मिनिटांची नंतर. दुकानदार बरोबर उलटं करतो, कारण चकाकणारी आणि महाग असते ती स्की.

तर जॅकेट. पर्यटनाच्या बोटीत मिळतं ते नारिंगी, छातीवर दोन जाड ठोकळे असलेलं जॅकेट तुमच्या डोळ्यासमोर असेल. बुडत्या बोटीतून उडी मारायला ते ठीक. त्यावर स्कीइंग करू नका. सुरुवातीच्या काळात एका उन्हाळी शिबिरात आयोजकांनी तसलीच जॅकेटं आणून दिली होती, आणि मी पण तरुण, काही बोललो नाही. एक पोरगा वेगात पडला, पाणी जॅकेटच्या खालून घुसलं आणि ते अख्खं त्याच्या तोंडावर चढलं. आम्हाला लांबून फक्त नारिंगी ठोकळा दिसत होता, डोकं कुठं दिसेना. बोट पोचेपर्यंत काही झालं नाही, पण ती अर्ध्या मिनिटाची धाकधूक अजून आठवते.

स्कीइंगचं जॅकेट अंगाला कातडीसारखं बसावं लागतं. पुढं तीन-चार रुंद पट्टे, बगलेत मोकळं, आत फोम. वरचं कापड नायलॉनचं असलं तर स्वस्त आणि टिकाऊ, निओप्रीनचं, म्हणजे फोमसारख्या रबरी कापडाचं असलं तर मऊ आणि जास्त घट्ट. घ्यायच्या आधी दुकानातच एक परीक्षा करा. सगळे पट्टे आवळा, दोन्ही हात वर करा आणि मुलाला मागून खांद्यापाशी जॅकेट धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीला लागलं तर ते तुमचं नाही. कोरडं असताना किंचित घट्ट वाटलं पाहिजे, पाण्यात ते थोडं सैल होतंच. पट्ट्यावरचा आकडा मात्र छातीच्या मापाचा बघा, पोटाच्या नाही. आपल्याकडं निम्मे लोक पोटावरून जॅकेट घेतात आणि मग ते खांद्यात लोंबतं.

आतल्या लेबलावर 50 न्यूटन, आयएसओ 12402-5 असं लिहिलेलं असेल तर ते पोहता येणाऱ्यासाठी, आणि मदत जवळ असेल अशा ठिकाणासाठी बनवलेलं असतं. 50 न्यूटन म्हणजे साधारण 5 किलो उचल. 84 किलोच्या माणसाला एवढी पुरते, कारण पाण्यात त्याचं वजन काही किलोंपुरतंच उरतं. स्पर्धेवाले घालतात त्या पातळ 'कॉम्प व्हेस्ट'ला हात लावू नका. त्या मार बसू नये म्हणून असतात, तरंगवण्याची हमी देत नाहीत. गॅसनं फुगणारी जॅकेटंही या खेळाला नकोत.

आणि पोरीचं जॅकेट 'वाढत्या अंगाचं' घेऊ नका. शाळेचा गणवेश तसा घेतला तर चालतो. 26 किलोच्या मुलीला तिच्याच वजनगटाचं, मांड्यांमधून पट्टा जाणारं जॅकेट हवं. दोन वर्षांनी पुन्हा घ्यावं लागेल, घ्या.

जॅकेटनंतर दोर. तुम्ही मागावरचे, त्यामुळं तुम्हाला हे चटकन कळेल. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन दिसायला सारखे वाटले तरी स्वभावानं दोन टोकं. नायलॉन ताणलं की रबरासारखं लांबतं, आणि पाण्यात बुडतं. बाजारातला गाड्या ओढायचा नायलॉनचा दोर घेऊन एकानं माझ्यासमोर प्रयोग केला होता. माणूस पडला, हँडल सुटलं, लांबलेला दोर आखडला आणि हँडल परत येऊन बोटीच्या काचेवर आदळलं. काचेऐवजी मागं बघत बसलेल्याचं तोंड असतं तर? शिवाय बुडालेला दोर पंख्यात जातो तो वेगळाच.

स्कीचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा वेणीचा असतो. तरंगतो, आणि थोडासाच ताणतो. तो थोडा ताण नवख्याला हवाच असतो, उठताना हातांना हिसका बसत नाही. वेकबोर्डसाठी, म्हणजे दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधून करायच्या खेळासाठी, मिळणारे न ताणणारे दोर महाग असतात आणि दुकानदार 'वरचा माल' म्हणून दाखवतो, ते तुमच्यासाठी नाहीत. लांबी 75 फूट, म्हणजे सुमारे 23 मीटर. स्लॅलमच्या दोरात रंगीबेरंगी तुकडे असतात, एकेक काढून दोर आखूड करत जायचा असतो. तुम्हाला अजून तीन-चार वर्षं तरी त्याचं काम नाही. एकसंध दोर घ्या.

हँडल मात्र नीट निवडा. 12-13 इंची दांडी, रबरी पकड, दोन्ही बाजूला तरंगणारा फोम. नवख्यांसाठी 'डीप व्ही' नावाचा प्रकार येतो. हँडलपासून दोराचे दोन पदर बरेच लांब जाऊन मिळतात आणि मध्ये इंग्रजी व्हीसारखी खिडकी तयार होते. पाण्यात गुडघे छातीशी घेऊन बसल्यावर स्कीची दोन्ही टोकं त्या खिडकीत ठेवायची. टोकं फाकत नाहीत, निम्मी धडपड तिथंच वाचते. सगळ्या यादीत पैशाला सगळ्यात जास्त जागणारी वस्तू मला विचाराल तर हीच.

दोराला कधी गाठ मारू नका, गाठीपाशी त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. हवेची ट्यूब ओढायला हा दोर वापरू नका. दोन माणसांची ट्यूब पाण्यात अडली की येणारा ताण स्कीच्या कितीतरी पट असतो, तिचा जाड दोर वेगळा मिळतो. आणि आपल्या सोलापूरच्या मे महिन्याच्या उन्हात बोटीच्या टपावर पडलेला पॉलिप्रॉपिलीनचा दोर एका हंगामात कुसळासारखा फुटतो. हाताला टोचायला लागला की बदला. मनगटाला किंवा बोटाला पीळ देऊन दोर धरायची सवय कुणाला असेल तर त्याला बोटीवर घेऊच नका.

हातमोजे? सुरुवातीला नकोत, असं माझं मत आहे. इतर शिकवणारे माझ्याशी वाद घालतात. पण मोज्यांनी पकड बसते आणि नवखा माणूस पडल्यावरही हँडल सोडत नाही, फरपटत पाणी पीत जातो. तळहात दुखले की माणूस लवकर सोडतो. पुढं एका स्कीवर आलात की घ्या.

आता एक गोष्ट, जी लाजेपोटी दुकानात कुणी सांगत नाही. ताशी 30 किलोमीटरच्या वेगात माणूस बसल्यासारखा मागं पडला तर पाणी पिचकारीसारखं शरीरात घुसतं. गुदद्वाराला, आणि बायकांच्या बाबतीत योनीमार्गाला, आतून गंभीर जखमा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. साधी पोहण्याची चड्डी हे अडवत नाही. चौघांसाठीही निओप्रीनची घट्ट अर्धी चड्डी घ्या, किंवा अर्ध्या बाह्यांचा पातळ वेटसूट. वहिनींना आणि मुलीला हे आधी स्पष्ट सांगा. वर अंगाला चिकटणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, उन्हासाठी. ओढणी, मंगळसूत्र, अंगठ्या, कडं, मनगटाचे गंडेदोरे सगळं काठावर.

एवढं झाल्यावर स्की.

1922 साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं हा खेळ सुरू केला. त्यानं आधी पिंपाच्या फळ्या बांधून बघितल्या, मग बर्फावरच्या स्की, दोन्ही जमेनात. शेवटी पाइनच्या रुंद फळ्या घेतल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली, आणि टोकं पाण्याच्या वर ठेवून मागं रेललं की उठता येतं हे त्याला सापडलं. पुढं कार्बन आला, पण नवख्याला लागतं ते तेच: रुंदी, आणि वर वळलेलं टोक.

म्हणून तुम्ही कॉम्बो जोडी घ्या. दोन रुंद स्की, त्यातल्या एकीवर मागं दुसरा पाय अडकवायला एक जादा पट्टा असतो. जोडीवर शिकायचं, सरावलात की एक स्की सोडून तिच्यावर एकट्यानं जायचं. म्हणजे स्लॅलमची पहिली इयत्ता याच पैशात होते. लांबी वजनावर ठरते, उंचीवर नाही. तुमच्या 84 किलोला 67 किंवा 68 इंच. वहिनी आणि मुलगा खरं तर 62 ते 65 इंचांत बसतात, पण ते तुमच्याच जोडीवर शिकू शकतील. लांब स्की कमी वेगात वर येते, वळायला तेवढी जड. शिकताना वळतंय कोण? दोन जोड्या लगेच घेऊ नका.

मुलीला मात्र लहान मुलांची 45 इंचाच्या आसपासची जोडी हवीच. तिच्यात पुढची टोकं एकमेकींना जोडणारी एक दांडी असते, त्यामुळं पाय फाकत नाहीत. काही जोड्यांत दोर मुलाच्या हाती नसून स्कीलाच बांधलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक बोटीतल्या माणसाच्या हातात. मूल पडलं की बोटीतल्या माणसानं दोर सोडायचा. बोटीला बांधायचा नाही.

दुकानदाराच्या कार्बन स्कीबद्दल. स्लॅलम स्कीचं माप वजन आणि बोटीचा वेग अशा दोन गोष्टींवर ठरतं. स्पर्धेत बोट पुरुषांसाठी ताशी 58 आणि महिलांसाठी 55 किलोमीटरपर्यंत पळते. त्या वेगात कडक कार्बन झटक्यात उत्तर देतो. तुम्ही पळणार 35 नं. तिथं 66 इंची अरुंद स्की 84 किलोला उचलतच नाही, नांगरासारखी पाणी उकरत राहते. शिवाय दोन्ही घोटे घट्ट बुटांत. पडताना एक पाय सुटला आणि दुसरा अडकला तर घोटा पिळवटतो. पहिली दोन वर्षं फायबरग्लास, मऊ, रुंद, आणि पाय सहज निसटेल असं बाइंडिंग, म्हणजे स्कीवर पाय अडकवायची रबरी खोळ. खालच्या पात्याची, म्हणजे फिनची, मापं व्हर्नियरनं घेऊन केसभर पुढं-मागं करणारे लोक भेटतील. त्यांना नमस्कार करा. तुम्ही फक्त स्क्रू घट्ट आहेत का बघा.

बाइंडिंगबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझ्याकडं सगळ्यात जास्त मुरगळलेले घोटे सैल बाइंडिंगनं आले, घट्ट नव्हे. सैल असलं की पाय आत हलतो, अर्धवट निसटतो आणि अर्धवट अडकतो. घोट्याला घट्ट, बोटांना मोकळं, आणि चवड्यावर उभं राहिलं तर टाच किंचितच उचलली जावी. सरकवून माप बदलणारं घ्या, चौघांत तीन जणांचं काम भागेल. पाय आत जात नसेल तर भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी बाटलीत ठेवा. खोबरेल तेल अजिबात नाही. ते रबर फुगवतं आणि मग टाच फाटते.

जुना सेट मिळाला तर घ्या, मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त टाचेचं रबर बोटानं ताणून बघा, भेगा दिसल्या तर बाइंडिंगचे पैसे कापा. स्कीच्या अंगावर नाण्यानं टकटक करत जा. एका जागी आवाज पोकळ आला तर आतले थर सुटलेत. बंद गाडीत मे महिना काढलेली स्की तर दिसायला नवी असली तरी घेऊ नका.

40 अश्वशक्तीचं काय? मुलगी आरामात, मुलगा आणि वहिनीही बोट हलकी असेल तर उठतील. तुम्ही, चालक आणि मागं बघणारा एवढं ओझं असेल तर इंजिन कण्हेल. 75 च्या पुढं खरी मजा. पण लगेच इंजिन बदलायला सांगू नका, मित्र तुटायचा. आधी कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोटीला कमी अंतर ढकलणारा पंखा लावून बघा. वरचा वेग थोडा जातो, पण उठवायला लागणारा सुरुवातीचा जोर वाढतो. दोर मागच्या एका कोपऱ्यातल्या कडीला बांधू नका, बोट एका बाजूला ओढली जाते. दोन्ही कड्यांमधून जाणारा, मध्ये फोमचा तरंगा असलेला व्हीसारखा पट्टा मिळतो, तो घ्या. बोटीच्या बाजूला आडवा बांबूसारखा बाहेर निघणारा अॅल्युमिनियमचा बूम बसवता आला तर मुलं त्याला धरून, तुमच्या नजरेसमोर शिकतात.

चालक एकटा नको. मागं तोंड करून बसणारा दुसरा माणूस हवाच, आरसा असला तरी. चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी, आणि माणूस शिडीपाशी आला की इंजिन पूर्ण बंद, न्यूट्रल नव्हे. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे काठावर चल. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले म्हणजे मी ठीक आहे. हे चार इशारे घरी जेवताना पाठ करा. मुलीला ताशी 20-25 किलोमीटर पुरे, वहिनी आणि मुलाला तिशीच्या आसपास, तुम्हाला थोडं वर. बोटीची नोंदणी आणि धरणावरची परवानगी हे मित्राला आधी विचारून घ्या. खासगी बोट आहे म्हणून चालतं असं नाही.

आता उजनी. गोव्याच्या समुद्राचं सामान आणि उजनीचं सामान यात फरक पडतो तो तळामुळं. धरणात 117 टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणजे 'उजनी मायनसमध्ये गेली' अशी बातमी आली तरी पाणी असतं, पण काठ दूर सरकतो आणि आतलं गाव वर येतं. पळसदेवचं जुनं देऊळ तुम्ही बघितलं असेल. तशीच बुडालेली घरं, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं अशा वेळी फूटभर पाण्याखाली असतात. त्यात शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबल, आणि चिलापी माशांसाठी लावलेली जाळी. रिकाम्या बाटल्यांची रांग पाण्यावर दिसली की तिथं जाळं आहे असं समजा.

म्हणून सोबत दोन गोष्टी वाढवा. एक दोरी आणि वजन, खोली मोजायला. जिथून उठायचं आणि जिथं पडू शकता त्या सगळ्या पट्ट्यात दोन मीटरच्या वर पाणी हवं. ठरलेला पट्टा आधी हळू बोटीनं फिरून बघा आणि कोळ्यांना विचारा, त्यांच्याइतका तळ कुणाला माहीत नाही. दुसरं, जाळं कापायची बोथट टोकाची सुरी, बोटीत हाताशी. काठापर्यंत स्कीवर ऐटीत येऊन थांबायचा मोह होईल. फिन गाळात रुतला की माणूस तोंडावर येतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते दहा, हा आपला काळ. पाणी भरलेलं, वारा पडलेला. भिगवण-कुगावकडं परदेशी पक्षी उतरलेले असतात, त्यांच्या थव्यापासून लांब राहा. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, कान आणि कातडी खाजते, आणि संध्याकाळचा वळवाचा वारा सांगून येत नाही. 21 मे 2024 ला कळाशी-कुगाव दरम्यान अशाच वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. मेमध्ये दुपारनंतर मी बोट सोडत नाही, कोणीही कितीही आग्रह करो. हिप्परग्याला किंवा कंबर तलावात करू का, असं पुढं विचाराल म्हणून आत्ताच सांगतो: नको. जागाही नाही, आणि ते पाणी या कामाचं नाही.

राहिला वहिनींचा प्रश्न. वर सांगितलं तसं 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. पोहता न येणाऱ्यासाठी 100 न्यूटनचं असतं, पण ते जाड आणि कॉलरचं, त्यावर स्कीइंग होत नाही. म्हणजे जॅकेट बदलून हा प्रश्न सुटणारा नाही. शहरात एखाद्या जलतरण तलावावर महिनाभर शिकवणी लावा. कॅटलॉगमधल्यासारखं सुंदर पोहायला यायची गरज नाही, पन्नास मीटर हातपाय मारता आले आणि पाठीवर शांत तरंगता आलं की झालं. मग तेच स्कीचं जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायला सांगा, तोंडावर पाणी उडवा, पालथं होऊन उलटं वळायला लावा. घाबरल्या नाहीत तर बोटीमागं घ्या. तोपर्यंत त्यांना बोटीत मागं तोंड करून बसायचं काम द्या. तुमच्या पोरांवर त्यांच्याइतकी नजर दुसरं कोण ठेवणार आहे?